सोलर उतरवला, आता काय बसवायचं?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या रो-हाऊसच्या गच्चीवरचा पाणी तापवायचा सोलर पंधराएक वर्षं विनातक्रार चालला. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र टाकीच्या बाहेरच्या पत्र्याखालून गंजाचे ओघळ उतरायला लागले. सकाळी कढत यायचं ते पाणी आधी ऊन, मग नुसतं कोमट यायला लागलं. टाकीला वेल्डिंग करून आणि पॅनल अ‍ॅसिडने धुऊन अजून दोन-चार वर्षं ढकलता येतील का, हे आधी बघायचं ठरलं. प्लंबरदादांनी पॅनलची काच काढली, आतल्या काळ्या पत्र्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्यांपैकी एक आडवी कापली आणि तुकडा माझ्या हातात दिला. बाहेरून बोटाएवढी जाड नळी, पण आत भिंतीला चिकटून पांढरट-पिवळा दगडासारखा थर आणि मधोमध जेमतेम काडेपेटीची काडी जाईल एवढं भोक. नखाने खरवडून तो निघेना. त्यावर लिंबू पिळलं तर बारीक फेस आला. "ताई, हे धुऊन निघेल, पण टाकीही आतून अशीच असणार. तिला अ‍ॅसिड लावलं तर जिथे गंजलीय तिथे आरपार होईल," असं दादांचं म्हणणं. ते पटलं. सोलर उतरवायचा हे त्याच दिवशी नक्की झालं.

पुढे काय बसवायचं, याचं उत्तर सगळ्यांकडे तयार होतं. अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बंब हवा होता. त्यांचं लहानपण जुन्या नाशकात गेलं. तांबट लेनमध्ये घडवलेला तांब्याचा बंब, मधल्या नळकांड्यात पेटवलेल्या ढलप्या आणि खालच्या तोटीतून येणारं वाफाळतं पाणी त्यांच्या अजून डोळ्यांसमोर आहे. तसं पाणी दुसऱ्या कशातून येत नाही, हे त्यांचं मत मी खोडून काढणार नाही. पण रोज पहाटे लाकडं फोडून पेटवायला आता कोणाच्या अंगात बळ नाही, आणि रो-हाऊसच्या ओळीत धूर थेट शेजारच्या खिडकीत जातो. दुकानदाराने गॅस गिझर पुढे केला. शेजारचे काका म्हणाले, पंतप्रधान सूर्यघर योजनेतून छतावर वीज तयार करा आणि साधे गिझर लावून मोकळे व्हा. नवऱ्याचा कल नव्या सोलरकडे होता. प्रत्येकाने थेट यंत्राचं नाव घेतलं. आमच्या घराला गरम पाणी किती लागतं, कुठल्या वेळी लागतं आणि ते पाणी मुळात कसं आहे, हे कोणीच विचारलं नाही. कापलेल्या नळीचा तुकडा स्वयंपाकघराच्या ओट्यावर समोरच पडलेला होता, त्यामुळे मला याच प्रश्नांपासून सुरुवात करायची होती.

घरात आम्ही पाच जण. अण्णा आणि आई तळमजल्यावर, आम्ही दोघं आणि मुलगी वर. अण्णांची अंघोळ पहाटे पाचला, पूजेआधी. मुलीची सातला, आमची तिच्या मागेपुढे. आई मात्र ऊन वर आल्यावर, नऊनंतर. सगळे बादलीने अंघोळ करणारे, शॉवर फक्त मुलीचा आणि तोही रविवारी केस धुताना. मी एक साधा थर्मामीटर आणला आणि प्रत्येकाला सांगितलं, आपल्याला हवं तसं विसण घालून बादली भरा, मग मला हाक मारा. अण्णांचं पाणी ४२ अंशांचं निघालं, मुलीचं ३८, बाकीच्यांचं ४० च्या आसपास. माणशी दीड बादली, म्हणजे तीस लिटर. त्यात भांडी, आईंचे शेकायचे पाय आणि किरकोळ धुणं धरून दिवसाला ४० अंशांचं पाणी १८० लिटर. थंडीच्या ऐन दिवसांत पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पंधरा-सोळा अंशांवर उतरतं. म्हणजे १८० लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचं.

इथून पुढचं गणित शाळेतलंच आहे, पण ते मांडल्यावर दुकानातली बोलणी बदलतात. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, आणि विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. आमच्या १८० लिटरला झाल्या ४५०० किलोकॅलरी, म्हणजे सव्वापाच युनिटं. यंत्र कुठलंही आणा, पाण्यात एवढी उष्णता घालावीच लागते. ती कुठून आणायची आणि तिच्यासाठी किती मोजायचे, एवढंच काय ते आपल्या हातात असतं. टाकी किती मोठी हवी तेही यातूनच कळतं. टाकीतलं पाणी ६० अंशांचं असेल आणि नळाचं पंधराचं, तर ४० चं पाणी करायला निम्म्याहून थोडं जास्त गरम आणि बाकीचं थंड लागतं. १८० लिटरसाठी ६० अंशांचं शंभर लिटर पुरतं. आम्हाला तीनशे लिटरची टाकी घ्या म्हणणारे भेटले, आणि पंधरा लिटरच्या गिझरवर सगळं घर अंघोळ करेल म्हणणारेही भेटले.

पाण्याची तपासणी करायचं मात्र माझ्या डोक्यात आलंच नसतं. ते सुचवलं निफाडच्या नणंदेच्या यजमानांनी. त्यांची द्राक्षबाग आहे. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला याची बातमी दर हिवाळ्यात येते आणि त्या रात्री बागांमधून शेकोट्या पेटतात. त्यांनी नळीचा तुकडा हातात घेतला आणि म्हणाले, "वहिनी, आमच्या ठिबकच्या ड्रिपरमध्ये हेच बसतं. आम्ही अ‍ॅसिड सोडून काढतो. पण आधी पाणी तपासतो, मग किती सोडायचं ते ठरतं." द्राक्षवाले माती तपासतात, पाणी तपासतात, वेलीच्या पानांचं देठ परीक्षणही करून घेतात. त्यांना हे रोजचं आहे. आपण शहरातले लोक हजारो रुपयांचं यंत्र पाण्याकडे न बघता घेतो.

मग दोन बाटल्या भरून प्रयोगशाळेत दिल्या, एक महापालिकेच्या पाण्याची आणि एक आमच्या बोअरची. पालिकेचं पाणी गंगापूर धरणाचं, त्यात जडपणा फारसा निघाला नाही. बोअरचं साडेचारशेच्या वर गेलं. हा आकडा लिटरमागे मिलिग्रॅमचा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंतचं पाणी चांगलं धरतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. नाशिक आहे काळ्या बेसॉल्टवर. त्या खडकाच्या भेगांतून झिरपलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. ते तापलं की विरघळलेले क्षार घट्ट होऊन सर्वांत गरम भागावर बसतात, म्हणजे गिझरच्या कॉइलवर, सोलरच्या नळीत. पाणी ६० अंशांच्या वर गेलं की थर भराभर वाढतो. एक गोष्ट इथे मुद्दाम सांगते. घरोघरी टीडीएस मोजायचं जे पेनासारखं यंत्र असतं त्यावर जडपणा कळत नाही. त्यात मिठासकट सगळे क्षार एकत्र मोजले जातात. थर बसवतात ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि त्यांची तपासणी वेगळी मागून घ्यावी लागते. फार खर्च येत नाही.

अहवाल हातात आल्यावर जुन्या सोलरचं काय झालं ते उघड झालं. बिल्डरने गच्चीवर एकच टाकी ठेवली होती आणि तिच्यात पालिकेची आणि बोअरची अशा दोन्ही लाइनी सोडल्या होत्या. उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी पडलं की बोअर चालायचा, आणि तेच पाणी सोलरमध्ये जायचं. म्हणून कुठल्याही नव्या यंत्राआधी आम्ही दुसरी टाकी बसवून घेतली. एकीत फक्त पालिकेचं पाणी, ते स्वयंपाकघराला आणि गरम पाण्याच्या यंत्राला. दुसरीत बोअरचं, ते संडासाच्या फ्लशला, अंगणाला आणि गाड्या धुवायला. टाकी, पाइप आणि मजुरी मिळून जो खर्च आला तो नव्या यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ होता. या सगळ्या व्यवहारात सर्वांत सार्थकी लागलेले पैसे हेच, असं मी ठामपणे सांगेन.

आता सोलरचं बघू. मन त्याच्याकडेच ओढत होतं. नाशकात वर्षातले आठ-नऊ महिने स्वच्छ ऊन असतं आणि सोलरला महिन्याचं बिल नसतं. जड पाणी असेल तर काचेच्या पोकळ नळ्यांचा, म्हणजे ईटीसी प्रकारचा सोलर घेतात, किंवा पॅनलच्या सोलरला हीट एक्स्चेंजर लावून घेतात, म्हणजे पॅनलमधून सारखं तेच पाणी फिरतं आणि नवे क्षार येत नाहीत. आमचं पाणी आता वेगळं झालं होतं, त्यामुळे त्या बाजूने अडचण उरली नव्हती. अडचण रस्त्यापलीकडे होती. दक्षिणेला जिथे जुना बंगला होता तिथे आता सात मजली इमारत उभी आहे.

उन्हाळ्यात तिची सावली आमच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मे महिन्यात नाशिकला सूर्य डोक्यावरून जातो. पण गरम पाण्याची खरी गरज डिसेंबर-जानेवारीत. २१ डिसेंबरच्या सुमाराला इथे सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच चढतो, म्हणजे उभ्या वस्तूची सावली जवळपास तिच्या उंचीइतकी पडते. आणि ही झाली दुपारी साडेबाराची सावली. सकाळी नऊला आणि दुपारी चारला ती कितीतरी लांब असते. नवऱ्याने आणि मी नोव्हेंबरच्या सुट्टीच्या दिवशी दर तासाला गच्चीवर जाऊन खडूने सावलीच्या कडेवर रेघ ओढली. संध्याकाळी गच्ची बघितली तर जुन्या सोलरच्या जागेवर दुपारचे जेमतेम दोन तास ऊन होतं, आणि डिसेंबरात तेही आक्रसणार होतं. ऊन राहत होतं ते जिन्याच्या खोलीच्या छतावर. तिथे आधीच पाण्याच्या टाक्या आहेत, आणि साध्या सोलरला थंड पाण्याची टाकी त्याच्या टाकीच्या वर लागते, नाहीतर पाणी चढत नाही. टाक्या आणखी उंच लोखंडी घोडीवर चढवायच्या म्हणजे पाण्याने भरलेलं टनभर वजन वर न्यायचं. स्लॅबच्या वयाकडे बघून आम्ही तो विचार सोडला.

त्याच खडूच्या रेघांनी सूर्यघर योजनेचाही निकाल लावला. योजना चांगली आहे. एका किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. ज्यांची गच्ची मोकळी आहे त्यांनी जरूर विचार करावा. पण एका ओळीत जोडलेल्या पॅनलपैकी एकावर सावली आली तरी ती सगळ्या ओळीची वीज खाली ओढते. आमच्याकडे ती ऐन हिवाळ्यात अर्धी गच्ची व्यापत होती.

गॅस गिझरबद्दल मला नीट लिहायचं आहे, कारण त्याची शिफारस फार सहज केली जाते. हिशेबाने तो वाईट नाही. एक किलो एलपीजीतून साधारण अकरा हजार किलोकॅलरी निघतात. गिझरमधून वाया जाणारी उष्णता वजा केली तरी आमच्या रोजच्या ४५०० किलोकॅलरीसाठी अर्धा किलो गॅस पुरेल, म्हणजे १४.२ किलोचं सिलिंडर चार आठवडे. पाणी लगेच येतं, टाकी लागत नाही. शहरात बऱ्याच भागांत आता पाइपचा गॅसही आलाय. पण हा गिझर बाथरूमच्या आत लावायचा नसतो. जळायला त्याला हवा लागते. छोट्या बंद बाथरूममधला ऑक्सिजन तो पाहता पाहता संपवतो, आणि हवा कमी पडली की जळण अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरचा गॅस गळला तर वास येतो, हा येत नाही. माणसाला गरगरतं, हातपाय गळतात आणि कडी काढायचंही त्राण राहत नाही. माझ्या मावसबहिणीची मुलगी कॉलेजसाठी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होती. तिथल्या बाथरूममध्ये असाच गिझर होता आणि थंडी म्हणून तिने झरोक्याला पुठ्ठा लावला होता. मैत्रिणींनी दार फोडलं म्हणून ती वाचली. त्यानंतर आमच्या नात्यातल्या प्रत्येक घराचा गिझर कुठे आहे हे मी स्वतः बघितलंय. घ्यायचाच असेल तर तो बाहेर मोकळ्या हवेत, डक्टच्या बाजूला किंवा उघड्या बाल्कनीत लावा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत आणा. आमच्या तळमजल्याच्या बाथरूमला अशी जागा मागच्या अंगणात होती, पण अण्णा पहाटे पाचला एकटेच उठतात. अण्णांच्या वयाच्या माणसाने अंधारात जाऊन गॅसची कळ उघडायची आणि न चुकता बंद करायची, हे मला नको होतं.

विजेचे साधे गिझर सर्वांत सोपे आणि स्वस्त. त्यातला तत्काळ तापणारा छोटा, तीन किलोवॅटचा, आमच्या थंडीला पुरत नाही. पंचवीस अंशांनी तापवायचं तर तो मिनिटाला पावणेदोन लिटरच पाणी देतो. एक बादली भरायला अकरा-बारा मिनिटं, आणि तोवर आधीचं पाणी निवायला लागतं. साठवणीचा पंधरा लिटरचा घेतला तर ६० अंशांच्या पाण्यातून ४० चं सत्तावीस लिटर होतं, म्हणजे एका माणसाची अंघोळ, तीही काटकसरीने. पंचवीस लिटरच्या गिझरमध्ये दीड माणूस. दोन किलोवॅटच्या कॉइलला तो तापायला चाळीसएक मिनिटं लागतात. वर एक आणि खाली एक असे दोन पंचवीस लिटरचे बसवले असते तर आमचं काम भागलं असतं. फक्त सव्वापाच युनिटांतलं एकही वाचलं नसतं, उलट टाकीतून रात्रंदिवस गळणारी उष्णता धरून सहाच्या वर गेलं असतं. महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांना दर बदलतो. पंखे, फ्रीज, दिवे तर चालणारच, म्हणून गिझरची वाढीव युनिटं नेहमी वरच्या दराच्या टप्प्यात पडतात. सरासरी दराने केलेला हिशेब म्हणून फसवतो.

हीट पंपाचं नाव मी पहिल्यांदा एका हॉटेलात कामाला असलेल्या भाच्याकडून ऐकलं. हा उलटा चालवलेला फ्रीज आहे. फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, आणि हा बाहेरच्या हवेतली उष्णता काढून टाकीतल्या पाण्यात घालतो. वीज फक्त कॉम्प्रेसर आणि पंखा चालवायला लागते. म्हणून एक युनिट विजेत तीन युनिटांएवढी उष्णता पाण्यात जाते. हवा गार असेल तर कमी, ऊबदार असेल तर जास्त. "थंडीतच गरम पाणी लागतं, आणि थंडीतच हा कमी चालतो, मग उपयोग काय?" हा नवऱ्याचा पहिला प्रश्न होता, आणि तो रास्त होता.

उत्तर नाशिकच्या हवेतच मिळालं. आपल्याकडची थंडी पहाटेची आहे. जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आतबाहेर असतो, पण त्याच दिवशी दुपारी २७-२८ अंश असतात. यंत्र पहाटे चालवायचंच कशाला? दुपारी बारा ते चारच्या दरम्यान टायमर लावून चालवायचं, टाकीला पफचं, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमचं, जाड आवरण असलं की पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतं. रात्रभरात दोन-तीन अंश उतरतात, तेवढंच. शिवाय टीओडी, म्हणजे वेळेप्रमाणे वापर मोजणारे, मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर आता दरात सवलत मिळते, तीही दुपारच्या वेळेलाच लागू होते. आणि सावलीचा प्रश्न मुळातच मिटला, कारण याला ऊन लागत नाही, हवा लागते.

किंमत मात्र अंगावर येते. दोनशे लिटरच्या हीट पंपासाठी आम्हाला आलेली कोटेशनं लाखाच्या आसपास फिरत होती, दोन साध्या गिझरांच्या कितीतरी पट. दोन माणसांचं घर असतं तर मी तो घेतला नसता. आमच्या हिशेबात थंडीत दिवसाला चार युनिटं वाचणार होती, म्हणजे महिन्याला १२०, आणि तीही वरच्या दराची. तरी पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं लागतात. आम्ही तो घेतला यामागे अण्णा-आईही आहेत. पहाटे पाचला तोटी सोडली की पाणी हवं, कळ दाबून वाट बघायला नको, ज्योत नको, धूर नको.

विकणाऱ्यांना मी तीन गोष्टी विचारल्या. पहिली, कॉम्प्रेसर बिघडला तर माणूस नाशकातून येणार की मुंबई-पुण्याहून. ज्याने याचं सरळ उत्तर दिलं नाही त्याचं कोटेशन मी बाजूला ठेवलं. दुसरी, वॉरंटी कार्ड आधी वाचायला द्या. जड पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, हे त्यात बारीक अक्षरांत असतं, म्हणून पाण्याचा अहवाल बरोबर नेला होता. तिसरी, टाकीतला अ‍ॅनोड रॉड कुठून काढतात ते दाखवा. पाण्यातल्या गंजाचा मारा टाकीऐवजी स्वतःवर घेणारी ही मॅग्नेशियमची कांडी असते. ती झिजून संपली की टाकी गंजायला लागते. साध्या गिझरमध्येही ती असते. वर्ष-दोन वर्षांनी उघडून बघायची आणि झिजली असेल तर बदलायची, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

यंत्र गच्चीवर ठेवायचा सगळ्यांचा आग्रह होता, कारण जुना सोलर तिथे होता. मी ते मागच्या अंगणात, अण्णांच्या बाथरूमच्या भिंतीला लागून ठेवायला लावलं. जुनी गरम पाण्याची लाइन एक इंची जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, होती. तिच्यात मीटरमागे अर्धा लिटरहून जास्त पाणी मावतं. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत वीसेक मीटरचा फेरा, म्हणजे दर वेळी दहा-बारा लिटर गार पाणी ओतून दिल्यावर गरम पाणी यायचं, आणि तोटी बंद केली की तेवढंच गरम पाणी पाइपात निवून जायचं. पहाटे पाचला अण्णा रोज अर्धी बादली अशी घालवत होते. आता यंत्र भिंतीपलीकडे आहे आणि पाइप पाऊण इंची सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा, वरून काळं फोमचं आवरण. साधा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, तो मऊ पडतो, हे प्लंबर बदलताना तपासून घ्या. वरच्या बाथरूमला पाणी गच्चीवरच्या टाकीच्या दाबानेच चढतं, पंप लागला नाही.

आवाज एसीच्या बाहेरच्या युनिटइतका येतो. दुपारी कोणाला जाणवत नाही, पण रात्री चालवायचं असतं तर शेजाऱ्यांच्या खिडकीचा विचार करावा लागला असता. यंत्रातून थंड हवा आणि थेंब थेंब पाणी बाहेर येतं. ते पाणी आई तुळशीला घालतात.

बसवताना सुरक्षेच्या ज्या गोष्टी होत्या त्यांत मी काटकसर होऊ दिली नाही. दाब वाढला तर पाणी बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि त्याची नळी जमिनीजवळ आणून सोडलेली, म्हणजे कढत पाणी कोणाच्या अंगावर उडणार नाही. वेगळी लाइन, वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग, आणि वीज गळायला लागली की ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी. ओल्या अंगाने तोटीला हात लागतो, त्यामुळे हा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पाणी किती तापवून ठेवायचं यावर घरात बोलणं झालं. ६० अंशांचं पाणी कातडीवर पाच सेकंद राहिलं तरी खोल भाजू शकतं, आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी त्याहून नाजूक. दुसरीकडे २० ते ४५ अंशांत साठलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, ते ६० च्या वर मरतात. म्हणून रोज ५५ ठेवतो आणि आठवड्यातून एकदा यंत्र आपोआप ६० च्या वर नेतं, तशी सोय त्यात आहे. रोजच्या ५५ मुळे थरही कमी बसतो. तळमजल्याच्या बाथरूममध्ये गरम-थंड आपोआप मिसळून ठरावीक तापमानाचं पाणी देणारा व्हॉल्व्ह लावलाय, ४३ वर. आईंना अजूनही बादलीत आधी गार, मग गरम घ्यायची सवय आहे, आणि ती मी मोडू देणार नाही.

यंत्राच्या लाइनवर एक छोटा मीटर लावलाय. थंडीत दिवसाला दोन ते अडीच युनिटं जातात, एप्रिल-मेमध्ये एकच्या आसपास. दिवाळीत पाहुण्यांनी घर भरलं होतं. अभ्यंगस्नानाला एकामागून एक आठ-नऊ जण, तेल-उटणं लावलेले, त्यामुळे पाणीही जास्त. टाकीतलं गरम पाणी हलकं म्हणून वर राहतं आणि गार पाणी खालून शिरतं, त्यामुळे शेवटपर्यंत गरमच आलं. नंतरच्या दोघांसाठी मात्र यंत्र सकाळीच पुन्हा सुरू करावं लागलं.

माझी थोरली बहीण मखमलाबादच्या बाजूला राहते. तिची गच्ची चारही बाजूंनी मोकळी आहे आणि पाणी पालिकेचंच. तिला मी ईटीसी सोलर घ्यायला सांगितलं, पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांसाठी टाकीत बॅकअपची कॉइल लावून, आणि तिने तोच घेतला. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोघंच राहणाऱ्या एका मैत्रिणीला पंचवीस लिटरचा स्टार रेटिंगवाला साधा गिझर पुरे, असं सांगितलं. तिच्या सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं, म्हणून आधी बाटली भरून तपासायला दे, हेही सांगितलंय. अहवाल आला की अ‍ॅनोड किती महिन्यांनी बघायचा ते ठरवू.